गुरुवारची बैठक बंद होणार नाही

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या धर्मादाय रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळाचे प्रमुख, आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान असलेले अधीक्षक डॉक्टरसाहेब, मेट्रन सुनंदाबाई, धुळे शहरातले मान्यवर नागरिक, सर्व सिस्टर, आया, वॉर्डबॉय, कुलरच्या तोंडाशी जागा मिळालेले भाग्यवान श्रोते आणि मागे पत्र्याखाली घामाघूम झालेले बाकीचे बंधू-भगिनी, आणि ज्यांच्यासाठी आपण मे महिन्याच्या एकतीस तारखेला भर दुपारी इथे येऊन बसलो, त्या सत्कारमूर्ती श्रीमती प्रमिलाबाई नगराळे. आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी बन्सीलाल कोठावदे. नरडाण्याला स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं कापडाचं दुकान आहे. शिक्षण व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत, तेही दोनदा बसून. आज मला इथे रुग्णांच्या नातेवाईकांचा प्रतिनिधी म्हणून बोलावलंय. कार्यवाहांनी कानाशी येऊन सांगितलं, शेठ, पाच मिनिटं, आणि गोड बोला. पाच मिनिटांचं मी बघतो. गोड बोलण्याचं मात्र जमेलसं वाटत नाही. चाळीस वर्षं गादीवर बसून गिऱ्हाइकांशी गोड बोललो, आज सुट्टी घेतली आहे.

माझ्याआधी चार वक्ते बोलले. चौघांनीही प्रमिलाबाईंना शांत म्हटलं, सोशिक म्हटलं, एकाने तर सोज्वळ म्हटलं. ऐकताना मला प्रश्न पडला, हे चाललंय तरी कोणाबद्दल? मी ज्या बाईंना ओळखतो, त्यांनी मला माझ्याच दुकानात, गिऱ्हाइकांदेखत असं काही सुनावलं होतं की तीन दिवस मला जेवण गेलं नाही. त्या सोशिक असत्या तर त्यांचं काम पहिल्या वर्षीच बंद पडलं असतं. जिद्दी बाईला निरोप देताना लोक सोशिक म्हणतात, कारण तसं म्हटलं की पुढे आपल्याला काही करावं लागत नाही. डॉक्टरसाहेब, हसू नका, तुमच्याकडे येतोच आहे मी.

ज्यांना त्यांचं काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. प्रमिलाबाई या रुग्णालयाच्या समाजसेविका. इमारतीच्या पश्चिमेला जो व्हरांडा आहे, तिथे गेली तेरा वर्षं दर गुरुवारी दुपारी चार वाजता त्या दोन सतरंज्या अंथरतात. ज्या पेशंटला डॉक्टरांनी 'आता घरी न्या' असं सांगितलंय, किंवा सांगायची वेळ जवळ आली आहे, तो पेशंट आणि त्याच्या घरचे तिथे येऊन बसतात. उठता येत नसेल तर खाट ओढून आणतात. चहा होतो. नियम एकच. 'काही होत नाही, बरे व्हाल' असं जो कोणी म्हणेल, त्याने सगळ्यांचे कप विसळायचे. पहिल्या गुरुवारी बहुतेक सगळे पुरुष कप विसळतात. बाया लवकर शिकतात.

यात काय विशेष, असं वाटेल कोणाला. आपल्या घरांमधून काय चालतं ते आठवा. आजार पेशंटपासून लपवायचा. डॉक्टरला व्हरांड्यात गाठायचं, कागद उशीखालून काढून घ्यायचे. पेशंटला सगळं कळलेलं असतं, घरच्यांना कळलेलं असतं, आणि दोघं एकमेकांसमोर मोसंबीचा रस पीत हसत बसतात. माणूस जायच्या कितीतरी आधी घर त्याच्यासाठी रडायला लागलेलं असतं, पण कुठे? न्हाणीत, नळ सोडून! प्रमिलाबाई म्हणतात, हे रडणं माणूस असताना करा, त्याच्या शेजारी बसून करा. त्यालाही तुमच्यासाठी रडायचं असतं, त्याला ते करू द्या. काय राहिलंय ते विचारा. नंतरचं रडणं कोणाला चुकलंय?

तर ही बैठक उद्यापासून बंद. बाहेर फळ्यावर नोटीस लागली आहे, येताना मी दोनदा वाचली. समाजसेविकेचं पद भरलं जाणार नाही, व्हरांड्याला जाळी लावून तिथे केसपेपरची खिडकी होणार. कारण दिलंय, 'सदर कामाबाबत पूर्वी तक्रारी आल्या असल्याने.' त्या 'पूर्वीच्या तक्रारीं'बद्दल बोलायला मी उभा आहे. आता कोणी चिठ्ठी पाठवली तरी मी बसणार नाही.

पण त्यासाठी मला थोडं माझ्या धंद्याचं आणि माझ्या घरचं सांगावं लागेल. नरडाण्याच्या आसपासच्या खेड्यांमधलं मयताचं कापड माझ्याच दुकानातून जातं. तसं गिऱ्हाईक पायरी चढतं तेव्हाच मला कळतं. ते घासाघीस करत नाही, रंग बघत नाही, जे पुढे ठेवू ते 'द्या' म्हणतं. आणि सवाष्ण गेली असेल तर तिच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, भावाने आणलेलं. भाऊ लांबून यायचा असला तर तो येईपर्यंत तिला उचलत नाहीत. या रीतीवर माझ्या दुकानाची चूल पेटते असं म्हटलं तरी चालेल.

मला एक थोरली बहीण होती, केसरबाई. आम्ही तिला अक्का म्हणायचो. सोनगीरला दिली होती. आमचे भाऊजी चुडामणशेठ यांचं तिथे तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान. भाऊजी आज आलेत, उजवीकडे खांबाशी बसलेत. १९८० साली माझ्या मुलीच्या लग्नात अक्काला मानाचा आहेर द्यायचा होता. मी मांडवातून दुकानात निरोप धाडला, एक चांगलं इरकली बांधून पाठवा. आलं ते दुकानाच्या काचेत मांडून ठेवलेलं. आता कापडवाल्यांना ठाऊक असतं, सहा महिने उन्हात राहिलेलं लुगडं उलगडलं की घडीच्या जागी पांढुरका पट्टा दिसतो. अक्काने भर मांडवात, सगळ्या बायांसमोर घडी उलगडली. पट्टा सगळ्यांनी पाहिला. तिने लुगडं होतं तसं घडी घातलं, माझ्या बायकोच्या हातात दिलं आणि न जेवता सोनगीरला निघून गेली.

चूक झाली, एवढं म्हणायला मला किती वेळ लागला असता? त्याच दिवशी संध्याकाळी जाऊन म्हणता आलं असतं. पण कापडाच्या व्यापाऱ्याने कापडात चूक झाली म्हणायचं! मला ते जड गेलं. उलट मीच चारचौघांत म्हणत सुटलो, एवढ्या तेवढ्यावरून मांडव सोडायची काय गरज होती? सहा वर्षं गेली. ना राखी, ना भाऊबीज.

१९८६ च्या जानेवारीत अक्का या रुग्णालयात, बायकांच्या वॉर्डात होती. पोटाचा कॅन्सर. मुंबईला नेऊन परत आणलेली. मला कळलं होतं. मी आलो नाही. बोलावलं तर जाईन, असं मी मनाशी म्हणायचो. तीही तिकडे म्हणत असणार, आला तर बोलेन. एकाच आईची लेकरं ना आम्ही!

अशात एका दुपारी एक बाई दुकानात आल्या. पांढरी सुती साडी, खांद्याला पिशवी, चपला धुळीने भरलेल्या. म्हणाल्या, लुगडं दाखवा. हिरवं, चांगल्या काठाचं. मी विचारलं, कोणासाठी हवंय? म्हणाल्या, तुमच्या बहिणीसाठी.

मी गादीवरून उठलो. त्या म्हणाल्या, "मी रुग्णालयातून आले. केसरबाईंना ठाऊक आहे, त्यांच्याकडे फार दिवस नाहीत. मरणाची भीती त्यांना कमी आहे. शेवटी आपल्या अंगावर माहेरचं काही पडणार की नाही, या काळजीने त्यांना झोप लागत नाही. तुम्ही ते आत्ताच नेऊन दाखवा. त्यांना ते बघू द्या, हात लावू द्या."

मी म्हटलं, "जित्या माणसाला मयताचं लुगडं दाखवू? माझ्या बहिणीला मारायला निघालात का तुम्ही?"

बाई तिळमात्र हलल्या नाहीत. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. त्या म्हणाल्या, "शेठ, त्या जाणारच आहेत. तुम्ही लुगडं नेलं तरी आणि नाही नेलं तरी. त्या गेल्यावर तुम्ही गावातलं भारीतलं भारी लुगडं घेऊन धावत याल, मला ठाऊक आहे. ते तुम्ही भाऊबंदांना दाखवायला आणाल. केसरबाईंना ते दिसणार नाही."

मी त्यांना दुकानाबाहेर जायला सांगितलं. खरं म्हणजे हाकललं. सभ्य शब्द वापरायचा मोह होतोय, पण बाई समोरच बसल्यात.

आणि अध्यक्ष महोदय, त्याच संध्याकाळी मी तुमच्या विश्वस्त मंडळाच्या नावाने अर्ज लिहिला. आपली समाजसेविका मरणाच्या गोष्टी सांगून पेशंटना खचवते, अभद्र बोलते, तिला काढून टाका. एवढ्यावर थांबलो नाही. त्यात मी लिहिलं, 'परजातीच्या बाईने आमच्या घरच्या लुगड्यात हात घालू नये.' हे वाक्य मी स्वतःच्या हाताने, वळणदार अक्षरात लिहिलं. या सभागृहात त्यांच्या समाजाची माणसं बसली आहेत. माझ्या लेकी-सुना बसल्या आहेत. सगळ्यांनी ऐकावं म्हणून मोठ्याने सांगतोय. नोटिशीत 'तक्रारी' म्हटलंय. तक्रारी नाहीत. तेरा वर्षांत एकच तक्रार आली, आणि ती माझी आहे. त्या एका कागदावर बाईंचं काम 'वादग्रस्त' ठरलं, त्यांना कायम करायचं राहिलं, आणि तात्पुरत्या म्हणून आलेली बाई आज तात्पुरती म्हणूनच निवृत्त होते आहे. हार घाला, शाल घाला, पण हेही नोंदवून घ्या.

चौकशीसाठी मला बोलावलं तो दिवस गुरुवार होता. मी वेळेच्या आधी पोचलो आणि ऑफिस शोधत पश्चिमेच्या व्हरांड्याच्या तोंडाशी आलो. तिथे खांबाआड उभा राहिलो, कारण मला अक्काचा आवाज ऐकू आला. सहा वर्षांनी. ती भाऊजींशी बोलत होती. आमची घरची बोली, अहिराणी. तिचे शब्द आहेत तसे सांगतो.

"भाऊ काई येवाव नही," ती म्हणाली. "त्याले कोनी बोलू नका. तुमी असं करा, धुयाना बजारमाईन एक हिरवं लुगडं लई ठेवा. नि मी गई का बठ्ठासले सांगज्यात, भाऊनीच धाडं. त्यानं नाव खाले पडाले नको."

ज्याने तिला मांडवात विटका पट्टा दिला, त्याचं नाव खाली पडू नये म्हणून ती बाजारातून लुगडं आणवून, ते माझ्या नावावर नेसून सरणावर जाणार होती. भाऊजी रडत म्हणाले, "असं काय बोलस, तू बरी व्हशी." लगेच कोणीतरी ओरडलं, "शेठ, कप विसळा!" आणि अक्का हसली. हो, हसली. माझ्या बहिणीचंच हसणं होतं ते.

तुम्हाला वाटेल, मी धावत गेलो आणि तिच्या पाया पडलो. नाही हो. मी चौकशीच्या खोलीत गेलो. तिथल्या साहेबांनी विचारलं, तक्रार कायम आहे ना? एक शब्द बोललो असतो तर हुंदका फुटला असता. तो फुटू नये म्हणून मी नुसती मान डोलावली आणि बाहेर पडलो. रडू लपवायला डोलावलेली ती मान बाईंच्या फायलीला कायमची लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी आलो. खांद्यावर गठ्ठा. एक नाही, अकरा लुगडी. अक्काच्या खाटेवर सगळी उलगडली. तोंडातून दुसरं काही निघेना, म्हणून दुकानदारासारखा बोलत सुटलो. हे बघ, पक्का रंग. हा बघ काठ. पोत बघ. अक्काने एकेक लुगडं उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि घडीवरून बोट फिरवलं. अकराच्या अकरा तपासली. मग म्हणाली, "आते शिकना तू धंदा."

मी तिला सांगितलं, ते लुगडं चुकून आलं होतं अक्का, दुकानातून चुकून आलं होतं. ती म्हणाली, "माले ठाऊक व्हतं. तू सांगशी म्हनीसन वाट देखी राहींती." मग आम्ही दोघंही रडलो. वॉर्डात, सगळ्यांसमोर, नळबिळ न सोडता.

तिने हिरवं निवडलं, लाल काठाचं. आणि म्हणाली, नेसवा मला. सगळे दचकले. सुनंदाबाई, तुम्ही तेव्हा त्या वॉर्डाच्या सिस्टर होतात. तुम्ही म्हणालात, अहो, हे आत्ता नाही नेसायचं. शेजारच्या खाटांवरचे नातेवाईक उठून आले, हे काय अभद्र चालवलंय! अक्का म्हणाली, "आते नही तं कव्हय? तव्हय माले काय देखाले भेटी?" खरंच, गेल्यावर तिला काय बघायला मिळणार होतं? सुनंदाबाई, अखेर तुम्हीच पडदा ओढलात आणि तिला नेसवलंत. मी ते विसरलेलो नाही.

एकेचाळीस दिवस तिने ते लुगडं वापरलं. धुवायचं, वाळवायचं, पुन्हा नेसायचं. गुरुवारी तर हटकून. त्या सहाही गुरुवारी मी व्हरांड्यात होतो. तिने दुकानातला कोणता हंडा कोणत्या लेकीला ते सांगितलं. भाऊजींना दुसरं लग्न करायचं असलं तर करा म्हणाली, आणि त्यांनी नाही म्हटल्यावर, करून तर बघा म्हणून डोळे वटारले. एके दिवशी ती खूप घाबरली, मला नाही जायचं म्हणून ओरडली. तेव्हा प्रमिलाबाई तिला 'घाबरू नका' म्हणाल्या नाहीत. त्या तिचा हात धरून बसल्या, आणि आम्हालाही बसायला लावलं. मला पळून जायचं होतं. बाईंनी नुसतं माझ्याकडे बघितलं आणि मी खाली बसलो.

अक्का गेली तेव्हा ते लुगडं धुऊन धुऊन मऊ झालेलं होतं. भाऊबंदकीतल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, हे वापरलेलं चालत नाही, कोरं लागतं, भावाला दुसरं आणायला सांगा. मी दारात आडवा उभा राहिलो. म्हटलं, हे भावाने आणलंय, बहिणीने बघून निवडलंय. दुसरं कोणतंही कापड तिच्या अंगावर पडणार नाही. ज्याला पटत नसेल त्याने खांदा देऊ नये. खांदा सगळ्यांनी दिला.

मग तो अर्ज मी मागे का घेतला नाही? आठ वर्षं मी दर गुरुवारी इथे येतो. सतरंज्या झटकतो, चहा गाळतो, नव्या माणसांना कपांचा नियम सांगतो. मला वाटायचं, यात फिटलं सगळं. अर्ज मागे घ्यायचा म्हणजे तो लिहिला होता हे कबूल करायचं, ते वाक्य पुन्हा वाचायचं. मला लाज वाटत होती, दुसरं काही नाही. बाईंना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. एकदा मीच विषय काढला तर म्हणाल्या, "शेठ, या कामात लोकांना राग येतोच. अर्जाचं काय करायचं ते तुम्ही बघा." बघा म्हणाल्या, आणि मी आठ वर्षं नुसता बघत राहिलो.

आज मी तो मागे घेतोय. तोंडी नाही, हा बघा कागद. त्यात मी ते जुनं वाक्य पुन्हा लिहिलंय, ते माझं आहे आणि ते नीच आहे असंही लिहिलंय, आणि खाली सही केली आहे. अध्यक्ष महोदय, हा मी तुमच्या टेबलावर ठेवतोय. घ्या हातात. तुमच्या नोटिशीत जे एकमेव कारण होतं ते आता उरलेलं नाही. दुसरं हवं असेल तर नवी नोटीस काढावी लागेल, आणि या वेळी कारण तुमच्या स्वतःच्या नावाने द्यावं लागेल.

थांबा, टाळ्या नकोत. हे सगळं मी बाईंच्या प्रेमापोटी करतोय असं समजू नका. माझा स्वार्थ आहे.

माझी दोन्ही मुलं तिसऱ्या रांगेत बसली आहेत. थोरला छगन आणि त्याचा धाकटा भाऊ. छगनला दुकानात रेडिमेड ड्रेस ठेवायचे आहेत, लुगडी काढून टाकायची आहेत. पाच वर्षं आमचं त्यावरून भांडण आहे. असं कडाक्याचं भांडण की समोरचा किराणावाला ऐकायला येऊन उभा राहतो. एप्रिलमध्ये माझ्या पोटात दुखायला लागलं म्हणून छगनने मला नाशिकला नेऊन तपासण्या केल्या. परत येताना गाडीत म्हणाला, आबा, नुसती सूज आहे. तेव्हापासून तो माझ्याशी भांडत नाही. मी म्हटलं, रेडिमेड नको. तो म्हणाला, बरं आबा. मी म्हटलं, नवी लुगडी मागव. तो म्हणाला, बरं आबा. दीड महिना झाला, दोन्ही मुलं मी म्हणेन त्याला 'बरं आबा' म्हणतात. अरे, चाळीस वर्षं मी मयताचं कापड न्यायला आलेली तोंडं बघितली आहेत. मला घासाघीस न करणारं गिऱ्हाईक ओळखता येत नाही का?

छगन, मान खाली घालू नकोस. उठून बाहेरही जाऊ नकोस. मला माहीत आहे. नाशिकचे कागद तू दुकानात कापडाच्या ठाणांमागे ठेवलेस, तिथे मी चाळीस वर्षांपासून माझी सुपारी लपवतो. सूज नाही ती. अक्काला जे होतं तेच मला आहे. परवा सकाळी न्हाणीत तू नळ सोडून एवढा वेळ होतास की हौद भरून पाणी अंगणात आलं. तुझी आई म्हणाली, नळ खराब झाला असेल. तिलाही कळलंय रे. घरात हे ठाऊक असलेले आम्ही चौघं आहोत आणि चौघंही एकमेकांना फसवतोय.

मी घाबरलोय. इतक्या लोकांसमोर सांगतो, मला फार भीती वाटते. संध्याकाळी दुकानाची फळी लावताना हात थांबतो. आणि मला माझ्या मुलांशी बोलायचंय, पण घरी ते जमत नाही. आम्ही कोठावदे असेच. आम्हाला ती सतरंजी लागते, तो बेचव चहा लागतो, आणि समोर हात धरून बसणारी एक बाई लागते. डॉक्टरसाहेब, माझ्या दुखण्यावर तुमच्याकडे औषध असेल तेवढं द्या, मी घेईन. पण माझ्या छगनच्या दुखण्यावर तुमच्याकडे काय आहे? मी गेल्यावर त्याचं जे होईल ते होईल. पण मी असताना, माझ्या डोळ्यांदेखत तो झिजतोय, त्याचं काय? त्याचं औषध तुम्ही उद्या जाळी लावून बंद करताय, आणि तिथे केसपेपर फाडणार आहात.

तर ऐकून घ्या. पद तुम्ही बंद करू शकता, तो तुमचा अधिकार. पण बैठक बाईंनी सुरू केली, ती तुमच्या कोणत्या ठरावाने सुरू झाली नव्हती, म्हणून तुमच्या ठरावाने ती बंदही होणार नाही. बाई, तुम्हाला मी हे आधी सांगितलं नाही, तुमच्या समारंभाच्या दिवशी हा घोर लावला, त्याबद्दल रागवा. पण उद्यापासून तुम्ही मोकळ्या आहात आणि परवा गुरुवार आहे. व्हरांडा उघडा असला तर व्हरांड्यात, नसला तर फाटकाबाहेर निंबाखाली बसू. रस्त्यावर बसायला पोलिसांची हरकत असेल तर त्यांनी यावं, त्यांच्याही घरी आजारी माणसं असतात. भाऊजी, सतरंज्या सोनगीरहून तुम्ही आणा. छगन, चार वाजता तू मला घेऊन ये. आणि आज घरी गेल्यावर रेडिमेडचा विषय काढ. मी नाहीच म्हणणार आहे, तू जोरात भांड.

प्रमिलाबाई, तुम्ही आमच्या घरच्या लुगड्यात हात घातलात, त्याबद्दल मी आणि माझं सगळं घर तुमचे आभार मानतो. हा समारंभ घडवून आणणाऱ्या सिस्टर मंडळींचे आभार. कार्यवाहांचे आभार, त्यांनी पाच मिनिटं दिली होती, मी किती घेतली ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही. अध्यक्ष महोदय, माझ्या बोलण्यात आपला किंवा कोणाचाही मान दुखावला असेल, काही कमी-जास्त झालं असेल, तर मला माफ करावं. फक्त करायचं असेल तर लवकर करावं, मला थांबायला फार वेळ नाही. आणि नाहीच केलं तरी काही हरकत नाही, गुरुवारी चार वाजता मी इथेच आहे.